सहाशे चाळीस युनिट

६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

पाकीट जाड दिसतंय म्हणून हुरळून जाऊ नकोस, आत पैसे नाहीत. चार महिन्यांची विजेची बिलं आहेत, दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढून. फोनवर फोटो पाठवले होते तर तू म्हणालास, मोबाईलवर बिल बघणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघणं. म्हणून आता सगळं वऱ्हाडच पोस्टाने पाठवतेय. आणि खरं सांगायचं तर फोनवर आई शेजारीच बसलेली असते. हे तिच्या कानावर जायला नको आहे.

तुझ्या घरात वाढल्यामुळे माझी एक पंचाईत झालीय. बिल नावाची वस्तू घरात येते, मामा ती चष्मा लावून वाचतो आणि कपाटात टाचून ठेवतो, एवढंच मला माहीत होतं. इथे घराची किल्ली हातात पडली आणि दुसऱ्या दिवसापासून चार कंपन्या मला पत्रं लिहायला लागल्या. इतकी पत्रं मला आयुष्यात कुणी लिहिली नव्हती. पाण्याचं बिल तिमाही, कचऱ्याचं वर्षाचं आणि तेही आगाऊ, इंटरनेटवाला न विचारता स्वतःच खात्यातून काढून घेतो. कचऱ्याचं बिल मी दोनदा भरलं. त्यांनी माफी मागून एक परत केलं. चूक माझी आणि माफी त्यांची, म्हणून मी दिवसभर अवघडल्यासारखी झाले होते. पण ते सगळं आता हाताखालचं झालंय. विजेपुढे मात्र मी हात टेकले.

मामा, मी एकटी, दोन खोल्या. सकाळी आठ ते पाच चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात असते. आणि महिन्याला सहाशे चाळीस युनिट. मी काय वीज पिते?

हे नुसतं पैशांचं असतं तर गप्प भरत राहिले असते. पण आईला इथे आणायचा अर्ज आहे ना, त्यात माझ्या नावावरची सहा महिन्यांची बिलं जोडायची आहेत, वेळेवर भरलेली. आणि घरखर्च वजा जाता पगारातून एक ठरावीक रक्कम उरली पाहिजे. माझी उरते ती थोडक्यात कमी पडते, आणि ते थोडकं म्हणजे नेमकं हे विजेचं जास्तीचं बिल. अर्जाची शेवटची तारीख एकतीस जानेवारी. चुकली की पुढच्या वर्षी.

तू एकतीस वर्षं लोकांच्या घरची मीटरं वाचलीस. आता भाचीचं वाच.

तुझी,
खारू


२१ ऑक्टोबर

खारूताई,

पाकीट पोचलं. बिलं पाहिली. छपाई चांगली आहे. आमच्या वेळी असा कागद वापरला असता तर साहेबांनी जाब विचारला असता.

आता लक्ष देऊन वाच. फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धर आणि दार लाव. पट्टी ओढल्यावर सहज निघाली तर दाराचं रबर गेलं असं समज. पाण्याचा हीटर अंघोळीआधी दहा मिनिटं लावायचा, सकाळभर नाही. कपडे थंड पाण्यात धुवायचे. इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळ्या कपड्यांना मिळून. खोली गरम करायचं यंत्र एकाच खोलीत लाव आणि त्याच खोलीत राहा. टीव्हीचं बटण बंद केलं म्हणजे टीव्ही बंद झाला असं नसतं, प्लग काढ. बिलाच्या मागे तो रोजच्या वापराचा काठ्याकाठ्यांचा आलेख छापलाय, त्याकडे लक्ष देऊ नकोस. असली चित्रं तरुण ग्राहकांना खूश करायला छापतात.

ताईला मी एवढंच सांगितलं की कागदपत्रांचं चाललंय. ती जोरात तयारीला लागली आहे. तिकडची भाषा शिकते म्हणून एक वही केलीय. सकाळी माझ्या कानाशी येऊन विचारते, "माफ करा, बस इथेच थांबते का?" मी म्हणतो, हे घर आहे, इथे बस थांबत नाही. मग ती रागावते आणि मला पुढचं वाक्य म्हणून दाखवते. ती तिकडे गेली की मला निदान रेडिओ तरी ऐकू येईल.

घाई करू नकोस. बिल हळूहळू उतरतं.

मामा


९ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझ्या आज्ञा एकूण एक पाळल्या. फ्रिजची पट्टी निघाली नाही, मीच ओढता ओढता मागे पडले. इस्त्री आठवड्यातून एकदा करते, त्यामुळे गुरुवार-शुक्रवारी कारखान्यात मी चुरगळलेल्या रुमालासारखी जाते. मुकादमबाईंनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. प्लग तर मी इतके काढलेत की सकाळी चहाच्या किटलीचा शोधावा लागतो.

आणि नवं बिल आलं सहाशे पंचावन्नचं. वाढलं.

त्यातही गंमत बघ. त्या महिन्यातला एक आख्खा आठवडा मी घरी नव्हतेच. नवं यंत्र शिकायला कारखान्याने दुसऱ्या गावी पाठवलं होतं. जाताना फ्रिज रिकामा करून बंद केला होता. तरी बिल वर.

मग मी वीज कंपनीत गेले. नंबराची चिठ्ठी घेऊन तासभर बसले. काचेमागे एक मुलगी होती, बोलायला अगदी गोड. मी म्हटलं, बिल फार येतं. तिने मला एक रंगीत पुस्तिका दिली, 'वीज कशी वाचवाल.' त्यात तुझेच सगळे सल्ले होते, इस्त्रीसकट. मी म्हटलं, हे सगळं करून झालं. तर म्हणाली, "मीटर खोटं बोलत नाही हो." आणि पुढचा नंबर पुकारला.

जिन्यात वरच्या मजल्यावरची बाई भेटली. मातीची भांडी करते, शिकवण्याही घेते, हात कायम कोपरापर्यंत पांढरे. चांगली आहे, माझी बॅग वर घेऊ लागली. बिलाचं निघालं तर म्हणाली, तिला जेमतेम दीडशे-एकशेसाठ युनिट येतात, आणि गेल्या महिन्यात तर आणखी कमी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याकडे दिवसभर माणसांची ये-जा असते आणि मी इथे अंधारात बसून प्लग मोजते. माझ्यातच काहीतरी उधळेपणा आहे का रे? आई म्हणायची ना, ही पोर दिवे विसरते.

अजून काही उपाय असेल तर लवकर लिही. आता मुदतीआधी दोनच बिलं यायची आहेत.

खारू


२४ नोव्हेंबर

खारू,

पत्र मिळालं. मान दुखते आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

उधळेपणा तुझ्यात नाही. तो विचार डोक्यातून काढून टाक. एक-दोन महिन्यांवरून काही ठरवता येत नाही. थंडी आहे, यंत्रापेक्षा अंगावर जाड कपडे घालावेत. कंपनीत पुन्हा जाऊन डोकं पिकवून घेऊ नकोस, ते पुन्हा पुस्तिकाच देतील.

वरच्या बाईंचं जे लिहिलंस ते वाचलं. असो.

मी काय म्हणतो, अर्ज पुढच्या वर्षी केला तर नाही का चालणार? तुझाही जम बसेल. ताईचे गुडघे दुखतात, त्यात तिकडची थंडी. तिची इथे आबाळ होत नाही. काल तिने माझ्याशी दीड तास भांडण केलं, विषय एवढाच की मी टॉवेल ओला ठेवला. तेव्हा तब्येतीची काळजी नसावी.

मामा


१० डिसेंबर

प्रिय मामा,

तुझं बरोबर आहे. पुढच्या वर्षी.

सहावं बिल परवा आलं, सहाशे तीस. मी महिनाभर गरम करायचं यंत्र लावलंच नव्हतं. घरात ओव्हरकोट घालून जेवत होते, आणि अंघोळ गार पाण्याने, अगदी कळशी उचलून धडाधड. त्याचा परिणाम म्हणजे दोन दिवस ताप. मुकादमबाईंनी घरी पाठवलं आणि वरून मफलरही दिला. आता बरी आहे, काळजी नको. नाक तेवढं अजून स्वतंत्र चालतं.

रविवारी आईला फोनवर सांगितलं की यंदा जमत नाही. मला वाटलं होतं रडेल. तर म्हणाली, "बरं झालं, मामाला टाकून कुठे जाणार होते मी." आणि हसली. मग मीच फोन ठेवून रडले. नऊ वर्षांची होते तेव्हा बाबा गेले आणि आम्ही दोघी तुझ्या दारात येऊन उभ्या राहिलो. तेव्हापासून मनात होतं की एक दिवस माझ्या घराचं दार आईसाठी मी उघडीन. घर झालं, दार झालं, आणि अडलं कुठे, तर विजेच्या बिलात.

तुझे आभार मानते मामा. एवढ्या लांबून तू एकेक गोष्ट समजावून सांगितलीस. तू नसतास तर मला वाटलं असतं, मी काहीच करून बघितलं नाही.

तुझी,
खारू


२० डिसेंबर

खारू,

हे कुरिअरने पाठवतोय. आधी काम सांगतो, माझं नंतर.

येत्या मंगळवारी रजा काढ. मंगळवारच हवा. दुपारी घरातला मुख्य खटका बंद कर, म्हणजे घरात एक दिवाही लागता कामा नये. मग खाली जिथे सगळ्यांची मीटरं बसवली आहेत तिथे जा. तुझ्या नंबरच्या मीटरवर एक लाल ठिपका असेल. वीज चालू असली की तो लुकलुकतो. तुझं घर बंद आहे, तेव्हा तो थांबलेला हवा. लुकलुकत असेल तर ते मीटर तुझं नाही. मग बाकीच्या मीटरांत कुठलं गप्प आहे ते बघ. जे गप्प आहे ते तुझं. वरच्या बाईंना साक्षीला बोलाव, मोबाईलवर चित्रण कर.

मग कंपनीत जा. 'बिल जास्त येतं' हे शब्द तोंडातून काढू नकोस. बिल जास्त म्हटलं की सल्ले मिळतात. 'माझं मीटर दुसऱ्या घराला जोडलं आहे, तपासनीस पाठवा' असं लेखी दे आणि पोच घे. मग त्यांना यावंच लागतं. सहाही महिन्यांची बिलं दुरुस्त करून माग. त्या काचेमागच्या मुलीचं म्हणणं खरं आहे. मीटर खोटं बोलत नाही. फक्त ते कुणाविषयी बोलतंय हे बघायचं असतं.

आता माझं.

हे मला आज सुचलेलं नाही. तुझं पहिलं पाकीट उघडलं तेव्हा समोरचा चहा निवायच्या आत कळलं होतं. मी तुला ज्या आलेखाकडे बघू नको म्हटलं, त्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक काठी बाकीच्यांच्या दहापट उंच होती. घरात अशी वीज कुणी जाळत नाही. अशी वीज भट्टी खाते, एका वेळेला साठ युनिट. पुढे तू लिहिलंस, वर कुंभारीण राहते. मग शंका घ्यायलाही जागा उरली नाही. माणसं भांडी विजेच्या भट्टीतही भाजतात, हे तुला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे, एवढ्यावर मी गप्प बसलो. तू तुझे दिवे विझवत होतीस आणि बिल तिचं उतरत होतं.

तुझा अर्ज पुरा झाला की ताई जाणार. मला ते नको होतं. झालं, एवढंच कारण आहे. दुसरं शोधायला दोन महिने खर्च केले, सापडलं नाही. मी मनाची समजूत घालत होतो की मी काही खोटं लिहिलेलं नाही, फ्रिज, इस्त्री, प्लग, सगळे सल्ले खरेच आहेत. आणि माझ्या खऱ्या सल्ल्यांनी तू गार पाण्याने अंघोळ करून तापाने पडलीस.

तुझा फोन झाल्यावर ताई हसली हे खरं आहे. सोमवारी रद्दीवाला आला. तिने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात ती भाषेची वही घालून दिली. मी ते पाहिलं. चप्पल न घालता कोपऱ्यापर्यंत धावलो आणि वही परत विकत घेतली. घरी येऊन उघडली तर शेवटच्या पानावर नवीन वाक्य होतं, 'ही माझी मुलगी आहे, मी तिच्याकडे राहते.' तीनदा लिहून काढलेलं.

काल मी ताईला सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. घरात इतकी शांतता मी वर्षानुवर्षं ऐकली नव्हती. ती मला सहन होत नाही, आणि माझी तीच लायकी आहे.

तू माफ करावंस असं मी लिहीत नाही. मंगळवारची रजा तेवढी काढ.

मामा


१८ जानेवारी

मामा,

आधी आनंदाचं. काल अर्ज दिला. कचेरीतल्या बाईंनी सगळी बिलं उलटसुलट तपासली, शिक्का मारला, आणि म्हणाल्या मार्चपर्यंत परवानगी यायला हरकत नाही.

त्या मंगळवारी अगदी तू सांगितलंस तसं केलं. तळघरात वरच्या कुंभारीणबाईंना घेऊन गेले. माझ्या घरात काळोख आणि माझं मीटर असं लुकलुकत होतं की बघून डोळे दुखावेत. शेजारचं मीटर मात्र शांत झोपलेलं, त्यावर तिचा नंबर. ती कपाळावर हात मारून तिथेच पायरीवर बसली. तिला वाटत होतं, नवी भट्टी कमी वीज खाते म्हणून बिल कमी येतं. सगळ्या विद्यार्थ्यांना तिने ती भट्टी घ्यायला लावलीय म्हणे. आता ती बिचारी बिलांचा फरक हप्त्यांनी भरतेय. पण माझ्यावर राग नाही. उलट मी महिनाभर गार पाण्याने अंघोळ करून तिचं बिल वाचवलं, हे ऐकल्यापासून मला रोज गरम सूप आणून देते.

तपासनीस आला. दोन वर्षांपूर्वी मीटरांचा फळा बदलताना नंबरांच्या पट्ट्या उलटसुलट लागल्या होत्या. कंपनीने सगळी बिलं दुरुस्त करून दिली. माझी सरासरी निघाली दीडशे. मी दिवे विसरत नाही, हे आईला लेखी दाखवता येईल.

आता रागाचं. तुझं पत्र वाचल्यावर तीन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. काचा घासताना भांडले, जिन्यात भांडले. तुला माहीत होतं मामा. मी कुडकुडत होते आणि तुला माहीत होतं. हे मला लागलंय, आणि लागलं नाही असं मी लिहिणार नाही.

पण चौथ्या दिवशी दुसऱ्याच गोष्टीने झोप उडाली. आईला घेऊन जायचं म्हणून वर्षभर मी नाचतेय, आणि तुझ्या घरात मागे काय उरेल हे मला एकदाही सुचलं नाही. तू ते सांगितलं नाहीस हा तुझा दोष. मी विचारलं नाही हा कुणाचा? अर्जात कुटुंबातल्या आणखी एका माणसासाठी वेगळा रकाना आहे. माझ्या दुरुस्त बिलांवर तोही बसतो, मी हिशेब करून पाहिला. जूनपर्यंत नाव घालता येतं. मी तो रकाना न वाचताच पान उलटलं होतं.

तर आता विचारते. येतोस का?

खारू


२६ एप्रिल

खारूताई,

ताई सुखरूप पोचल्याचं आणि विमानतळावर तिने पोलिसाला 'बस इथेच थांबते का' विचारल्याचं फोनवर कळलं. त्याने तिला हात धरून बसपर्यंत नेलं, हे तिने मला चार वेळा सांगितलं. तिचा विजय आहे, सांगू दे.

जानेवारीत तू विचारलंस तेव्हा मी फोनवर ऐटीत नाही म्हणालो. म्हटलं, मी इथेच बरा, मला कुणाच्या घरी जाऊन पाहुण्यासारखं बसायला आवडत नाही. खरं कारण ते नव्हतं. जिला मी कुडकुडत ठेवलं, तिच्या ऊबदार घरात कुठल्या तोंडाने यायचं, हे होतं. ताई निघायच्या दिवशी मला म्हणाली, "तुझ्या लाजेला तू एकटाच घेऊन बसणार असशील तर बस. आम्ही दोघींनी कधीच सोडून दिलंय." मी तिची पिशवी उचलून गाडीत ठेवली.

ताई गेल्याला महिना झाला. काल इथलं विजेचं बिल आलं. पाहिलं आणि वाटलं, छपाईत चूक झाली. दर महिन्याला आमचं नव्वदच्या आसपास येतं, हे आलं एकोणचाळीस. मी बाहेर जाऊन मीटर पाहिलं. आकडा बरोबर होता. मग नेहमीच्या सवयीने एकेक हिशेब मांडत बसलो. स्वयंपाकघरातला दिवा संध्याकाळी लागत नाही, मी भात दुपारीच करून ठेवतो. मिक्सर बंद. दुपारची तिची मालिका बंद. तिच्या खोलीतला पंखा बंद. ती उजेडात निवडत बसायची तो व्हरांड्यातला बल्ब मी महिनाभर लावलेलाच नाही, लावायला काही कारणच पडलं नाही. सगळं जुळलं, एकही युनिट इकडचं तिकडे नाही.

एकतीस वर्षं लोक मला दारात अडवून विचारत आले, साहेब, बिल कमी कसं येईल? त्यांना दिलेले सगळे सल्ले मला तोंडपाठ आहेत. बिल इतकं खाली कशाने येतं, ते मात्र त्यांतल्या एकालाही मी कधी सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

खारू, एवढं कमी बिल मला परवडत नाही. त्या रकान्यात माझं नाव घाल.

मामा